ओल्या पोत्याखालचा लॅपटॉप

आमच्या घरात कोणतीही वस्तू आधी हातात घेतली जायची आणि मग तिच्याबद्दल बोललं जायचं. बाबा भाजीवाले. मंगरूळपासून सहा-सात किलोमीटरवर आमची विहीर, विहिरीच्या अंगानं दोन एकर, आणि त्यात मेथी, पालक, वांगी, सांबार. सांबार म्हणजे तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता ते. मी पुण्यात पंधरा वर्षं काढली तरी माझ्या तोंडून अजून कोथिंबीर निघत नाही, आणि बायको हसते तर हसू दे. बाजाराच्या आदल्या दिवशी ऊन कललं की आमच्या अंगणात भाजी यायची. माय आणि बाबा समोरासमोर बसून जुड्या बांधायचे. फारसं बोलणं नसायचं. पानांचा सळसळाट, सुतळी तोडल्याचा आवाज, आणि मधूनच बाबांचं 'हे नोको, हे राहू दे घरी.' राहिलेली जुडी आमच्या ताटात यायची, त्यामुळे बाजारात न चालणारी मेथी मी आयुष्यभर खाल्ली आणि ती चांगली लागते असंच मला वाटत आलं. सगळ्या जुड्या रचून झाल्या की बाबा तरटाचं पोतं हौदात बुडवायचे, घट्ट पिळायचे, झटकायचे आणि भाजीवर पसरायचे. पाणी किती ठेवायचं हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. जास्त राहिलं तर पान सडतं, कमी राहिलं तर सुकतं. आमच्या बाबांची मेथी बाजारात दुपारी बारालाही ताजी असायची, आणि ती त्या पोत्यामुळे, हे ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे.

मला अमरावतीला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा घरात वरण-बट्टी झाली, वांग्याची भाजी झाली, माय शेजारणीला सांगून आली. आणि जेवता जेवता मी म्हणालो, "बाबा, लॅपटॉप लागते. कॉलेजनंच सांगतलं."

कॉलेजनं असलं काहीही सांगितलं नव्हतं. प्रवेशाच्या कागदांत लॅपटॉपचं नाव नव्हतं. झालं असं होतं की बारावीच्या वर्षी मंगरूळच्या एका नेट कॅफेत मला गेम खेळायचा नाद लागला होता. तिथं तासावर खेळावं लागायचं आणि ऐन रंगात आलं की मालक मागे येऊन उभा राहायचा. माझा स्वतःचा, वाटेल तेवढा वेळ चालणारा गेमिंग लॅपटॉप असावा, या एका गोष्टीसाठी मी त्या वयात काय वाटेल ते बोललो असतो. बोललोच. बाबांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "कसाही चालते का त्यातलाच काही पायजे?" मी म्हणालो, "जड कामाचा पायजे. त्यात मशीनची चित्रं काढा लागतात." ते 'बरं' म्हणाले. कांद्याच्या बियाण्याचे पैसे आले होते, त्यातून नवीन ठिबकच्या नळ्या घ्यायच्या होत्या. नळ्यांचा विषय त्या दिवशी बंद झाला आणि परत कोणी काढला नाही.

अकोल्याला गेलो. एस.टी.त बाबा खिडकीशी बसले होते, पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, आणि मांडीवर कापडी पिशवी. दुकानात एसी होता. आत शिरताना त्यांनी चपला दाराशी काढल्या आणि मी लाजेनं अर्धा झालो. 'घाला वो बाबा चपला,' मी दातांवर दात ठेवून म्हणालो. त्यांनी घातल्या. दुकानदार बरा माणूस होता. त्यानं आधी एक पातळ, हलका लॅपटॉप समोर ठेवला. "काका, स्टुडंटसाठी हा मस्त आहे. स्वस्त पण, आणि बॅटरी दिवसभर पुरते." तो म्हणत होता ते अगदी खरं होतं. मला जे शिकायचं होतं त्याला तो पुरून उरला असता. मी बाबांच्या आधीच म्हणालो, "हा नाही. ग्राफिक्स कार्डवाला दाखवा."

"म्हणजे गेमिंगवाला?" दुकानदारानं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 'गेम' हा शब्द त्यांना कळत होता. नेट कॅफेपायी मायनं मला दोनदा झोडपलं होतं. मी म्हणालो, "थे नुसतं नाव हाय, बाबा. दुकानात तसं म्हणतात. जड सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालते." दुकानदार एक क्षण माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याला महागडा माल विकायचा होता म्हणा, की माझी कीव आली म्हणा, तो म्हणाला, "हां काका, सब चलता है इसपे. डिझाइन, एडिटिंग, सब." बाबांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, बस, दुसरं काही नाही.

आता पुढचं मात्र मला हौसेनं सांगायचं आहे, कारण त्या दुकानात बाबांनी जी निवड केली तशी मी आज, इंजिनिअर असूनही, करू शकलो नसतो. बजेट पन्नास हजारांच्या आत. त्या भावात तीन मशिनी टेबलावर आल्या. मला त्यातली एक पाहताक्षणी आवडली होती, लाल दिव्यांची, झाकणावर काहीतरी राक्षसाचं तोंड. बाबा म्हणाले, "तिन्ही चालू करून ठेवा. मेहनतीचं काही लावा त्याच्यावर." दुकानदारानं हसत हसत तिन्हींवर कसलंतरी गेमचं चित्र लावलं. बाबा स्टुलावर बसले. पंधरा-वीस मिनिटं त्यांनी मशिनी तापू दिल्या. मग उठून एकेकाच्या बटणांवर तळहात ठेवला, खाली उलटा हात घातला, मागच्या फटीशी गाल नेला. पंख्याचा आवाज कान लावून ऐकला, विहिरीवरची मोटार ऐकायचे तसा. झाकण एका बोटानं उघडून पाहिलं. राक्षसवाल्याचं झाकण करकरलं. "याच्या बिजागरीत दम नाही," ते म्हणाले, "आन् याची गरमी वरतं राह्यते, बोटं भाजतीन पोट्ट्याचे. हा मधला घ्या. याचा वारा मांगून सुदा निंगते." मधला काळा, साधा, दिसायला गबाळा होता. दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, काका बरोबर बोलले. रॅम पण पुढे वाढवता येते याची." मी तोंड वाकडं करून हो म्हणालो.

बिल होताना बाबांनी विचारलं, "याले जपाचं कसं?" दुकानदार म्हणाला, "काका, पाणी लागू देऊ नका आणि थंड ठेवा. गरमीनंच मरतात या मशिनी. थंड राहिलं तर पाच वर्षं काही होत नाही." बाबांनी ते दोनदा त्याच्याकडून वदवून घेतलं. परतीच्या गाडीत बॉक्स त्यांच्या मांडीवर होता, आणि माझ्या बाजूनं ऊन आलं की ते आपला रुमाल त्याच्यावर धरत होते. घरी मायनं हळद-कुंकू लावलं. नारळ बाबांनी अंगणाच्या पार टोकाला नेऊन फोडला, शिंतोडा उडू नये म्हणून. पाणी लागू द्यायचं नाही हे ते विसरलेले नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर गावातले लोक बाबांना खुळं समजून हसले.

अमरावतीच्या होस्टेलवर मी काय केलं ते थोडक्यात सांगतो, लाजिरवाणी गोष्ट लांबवण्यात अर्थ नाही. आम्ही पाच जण होतो, प्रत्येकाचं मशीन, आणि सकाळी नाश्ता झाला की टोळी जमायची. लेक्चरची घंटा ऐकू यायची. प्रॅक्टिकलच्या वेळी कोणीतरी एक जण जाऊन बाकीच्यांच्या सह्या ठोकून यायचा. बाबांनी निवडलेलं मशीन सगळ्यात चांगलं चालायचं; राक्षसवालं घेतलेल्या पोराचं बिजागर दिवाळीपर्यंत निखळलं होतं. हिवाळ्याच्या परीक्षेत सहापैकी पाच विषयांत मी उडालो. घरी सांगितलं, 'पास झालो.' फोनवर बाबा म्हणाले, "मशीन थंडं ठेवतं ना?" मी म्हणालो, "ठेवतो." ते दर फोनला हेच विचारायचे, मला त्याचा वैताग यायचा.

उन्हाळी परीक्षेच्या आधी अभ्यासाची सुट्टी मिळाली आणि मी चैतात घरी आलो. आमच्याकडचं चैताचं ऊन ज्यानं खाल्लं त्यालाच कळेल. दुपारी अंगणातली बाज हात लावू देत नाही. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचो. बाबा दारातून डोकावले की लॅपटॉपचा पडदा बदलायचो, तिथं इंग्रजी अक्षरं दिसायची. ते पावलं न वाजवता निघून जायचे आणि मायला म्हणायचे, "भांडे नोको आदळू वं, पोरगं अभ्यास करून राह्यलं."

त्या दिवशी मी नेटचं डोंगल लावून एक मोठा गेम उतरवायला लावला होता. त्याला पाच-सहा तास लागणार होते. मशीन चालूच ठेवून, खोलीच्या पलंगावर गोधडीवर तसंच सोडून, मी मंगरूळला गेलो. तिथं मित्राकडे बसलो, रसवंतीवर रस प्यायलो, दुपार काढली. इकडे एकच्या सुमाराला बाबा शेतातून आले. मायनं सांगितलं की गज्याचं, म्हणजे माझं, मशीन आत केव्हाचं घरघर करून राह्यलं. बाबांनी हात लावला. चटका बसला. बंद कसं करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं, आणि पोराचं काही काम चालू असेल, बंद केलं तर बिघडेल, ही भीतीही होती. मला फोन लावला. मी उचलला नाही. मग बाबांनी, ज्याला ते आयुष्यभर थंड ठेवणं म्हणत आले होते, ते केलं. नवं, कोरं पोतं काढलं. स्वच्छ धुतलं. घट्ट पिळलं, इतकं घट्ट की मायनं दुसरं टोक धरलं होतं. आधी मशीनवर तिचं जुनं लुगडं चौपदरी घातलं, म्हणजे ओल थेट लागायची नाही, आणि त्यावर पोतं पसरलं. बाजूला बसून राहिले. वाळलं की पुन्हा पिळून आणलं. असं तीनदा.

मी आलो तेव्हा ते पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते. "पाय," म्हणाले, म्हणजे बघ, "लय तापलं होतं बापा. आता कसं थंडंगार झालं. आवाज सुदा बंद झाला."

मी पोतं ओढलं, लुगडं ओढलं. लुगडं खालून ओलं होतं. बटण दाबलं, दाबत राहिलो, काही झालं नाही. फटी सगळ्या झाकल्या गेलेल्या, आतली वाफ आतच फिरलेली, वरून ओल झिरपलेली. अकोल्याच्या दुकानदारानं पुढे उघडून पाहिलं आणि बोर्ड गेलाय, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, असं सांगितलं. पण मला ते त्या पलंगाशीच कळलं होतं.

"काय केलं तुमी हे!" मी ओरडलो. "माहा पुरा अभ्यास याच्यात होता! वर्षभराचा! आता परीक्षेत काय लिहू म्या, तुमची मेथी? माहं साल खाल्लं तुमी, साल!"

बाबा उठून उभे राहिले. "म्या त पिळलं होतं रे," ते म्हणाले. "लय पिळलं होतं." माय मध्ये पडली, "त्यायले काय माहीत बापा, त्यायनं चांगल्यासाठीच केलं," तर मी तिलाही बोललो. शेजारची माणसं दारात जमली. आणि खरं सांगू? ओरडत असताना आतून मला हलकं हलकं वाटत होतं. वर्ष गेल्यात जमा होतं, ते मला डिसेंबरपासून माहीत होतं, आणि घरी काय सांगायचं हा गोळा पोटात घेऊन मी फिरत होतो. तो गोळा त्या दुपारी बाबांनी आपल्या हातानं उचलून नेला. मी अठरा वर्षांचा होतो, हे मी स्वतःला सांगतो. त्यानं काही फरक पडत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि मी आणखी जोरात ओरडलो होतो.

निकाल लागला, वर्ष गेलं. बाबा म्हणाले, "मी येतो कॉलेजात. साहेबाले सांगतो." मी नाना प्रकारे टाळून पाहिलं. ते आलेच. विभागप्रमुख सरांच्या खोलीत ते खुर्चीवर बसायला तयार नव्हते. उभ्यानंच हात जोडले. "साहेब, चूक पोराची नाही, माही हाय. त्यानं वर्षभर अभ्यास केला. त्याच्या मशीनवर म्या ओलं पोतं टाकलं. आमी भाजीवाले, आमाले वाटलं थंडं राहीन. त्याची सजा पोराले नोको. काही कराता येत असन त करा."

सरांच्या समोर माझा निकालाचा कागद होता. नापास विषयांतले पाच हिवाळ्यातले होते. पोतं चैतात पडलं होतं. सरांनी कागद पाहिला, बाबांकडे पाहिलं, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते मला म्हणाले, "तुला काही सांगायचं आहे का?" खोलीत पंखा फिरत होता. बाबा माझ्याकडे आशेनं बघत होते, की मी शिकलेला आहे, मी आणखी नीट समजावून सांगेन.

"नाही सर," मी म्हणालो.

सरांनी निकालाचा कागद मिटून ठेवला. मग बाबांना इतकंच म्हणाले, "काका, नियमापुढे माझं काही चालत नाही. पुढच्या वर्षी बसेल तो परीक्षेला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." बाबांनी वाकून नमस्कार केला. सर त्यानंतर तीन वर्षं माझ्याशी कामापुरतंही धड बोलले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

मी नंतर अभ्यास केला, पास झालो, नोकरीला लागलो. ते कोणाच्याही बाबतीत होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते बाबांचं. त्या चैतानंतर त्यांनी आमच्या घरातल्या कोणत्याही यंत्राला हात लावला नाही. टीव्हीचं बटण माय दाबायची. विहिरीवरची मोटार, जी ते वीस वर्षं चालू करत आले होते, ती सुद्धा ते शेजारच्या शेतकऱ्याला हाक मारून चालू करून घेऊ लागले. मी पहिल्या पगारात त्यांना नवा फोन नेला. तो माय त्यांच्या कानाशी धरायची आणि ते दोन्ही हात पाठीमागे ठेवून बोलायचे. बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, 'पोरगं काय करते?' तर सांगायचे, "इंजिनेर हाय. एक साल माह्या हातानं वाया गेलं त्याचं, नाही त आणखी पुढं गेला असता." लोक हसायचे. ते प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला हे सांगायचे. मी शेजारी उभा असतानाही सांगितलं आहे, आणि मी जुड्यांवर पाणी शिंपडत राहिलो आहे. माझी मुलगी रांगायला लागली तेव्हा तिची चावीवर चालणारी मोटार त्यांच्या पायाशी येऊन थांबली. तिनं वर पाहिलं. बाबांनी मायला हाक मारली, "अवं, हे चालू करून दे तिले."

खरं सांगायला मला किती वेळा संधी मिळाली ते मोजायची हिंमत नाही. दर दिवाळीला ठरवून जायचो. मायच्या हातचं जेवण व्हायचं, बाबा खुशीत असायचे, आणि मला वाटायचं आज नको, उगाच रंगाचा बेरंग. भित्रा माणूस स्वतःला समजूतदार म्हणवून घेतो, तसा मी घेतला.

परवाच्या पावसाळ्यानंतर बाबा अंथरुणाला खिळले. मूत्रपिंडं गेली होती. वाशिमच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं आणि मी सुट्टी टाकून गेलो. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी थोडा भात खाल्ला, चांगले शुद्धीवर होते. माय उशाशी बसली होती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि एका दमात बोललो. "बाबा, थ्या मशीनचं सांगाचं होतं. कॉलेजनं मशीन मागतलंच नव्हतं. मले गेम खेळाचे होते म्हणून म्या खोटं बोललो. वर्षभर म्या गेमच खेळलो. हिवाळ्यातच पाच विषय गेले होते. मशीनमंदी अभ्यास नव्हताच काही. तुमच्या पोत्यानं काहीच नाही झालं. साल म्याच घालवलं."

मी रडत होतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, किती तरी वर्षांत मी पाहिलं नव्हतं तसं. त्यांनी मान मायकडे वळवली.

"पायतं का वं," ते म्हणाले, "किती मोठ्या मनाचं हाय पोरगं. मले बरं वाटावं म्हणून समदं सोताच्या अंगावर घेऊन राह्यलं."

"नाही बाबा, खरंच सांगतो, आईची शपथ..."

"अरे, असू दे. शपथ कायले घेतं?" त्यांना धाप लागली. थोडं थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं जे विचारायचं राहून गेलं होतं ते विचारलं. "म्हंजे तू मले माफ केलं ना, बापू?"

मी मायकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच मला सांगितलं, हो म्हण. बाबा वाट पाहत होते.

"हो बाबा," मी म्हणालो. "केलं माफ."

दोन दिवसांनी बाबा गेले. पोरानं आपल्याला माफ केलं, या समाधानात गेले.